खाशाबा राहून गेले, हे खरं. पण विद्यापीठाने काहीच केलं नाही, हे पटत नाही

नमस्कार.

मुंबई विद्यापीठाच्या खेळाडूंवरच्या माझ्या लेखाला ‘कोल्हापूरकर’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिचा सारांश असा: विद्यापीठाच्या नावाखाली मी फक्त क्रिकेट लिहिलं, खाशाबा जाधवांचा साधा उल्लेखही केला नाही, गावसकर-वाडेकरांना मैदानांनी आणि क्लबांनी घडवलं, विद्यापीठाने आयतं श्रेय घेतलं. आणि शेवटचा प्रश्न, ‘एकनाथ सोलकरला कुठल्या विद्यापीठाने घडवलं?’

खाशाबांच्या बाबतीत मी चुकलो. मी ‘शहराचं विद्यापीठ’ म्हणालो आणि राजाबाई टॉवरच्या सावलीतच घुटमळत राहिलो. खरं तर 1857 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा पसारा एके काळी सिंधपासून धारवाडपर्यंत होता. पुणे विद्यापीठ 1949 मध्ये निघालं, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ त्यानंतर, 1962 मध्ये. खाशाबा 1948 साली लंडन ऑलिम्पिकला जाऊन सहावे आले, तेव्हा त्यांचं राजाराम कॉलेज मुंबई विद्यापीठाशीच संलग्न होतं. म्हणजे ज्यांची यादी मी अभिमानाने दिली, त्या यादीत गोळेश्वरच्या या पैलवानाचं नाव हक्काने यायला हवं होतं. आज ते लेखात घातलं आहे.

पण ते घालताना एक गोष्ट मला फार लागली. 1952 मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या पैशांच्या आधारावर स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आलं, आणि दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला 1996 पर्यंत थांबावं लागलं. घर एका माणसाने गहाण टाकलं, संस्थेने नाही. तुमचा राग इथे असेल, तर तो माझाही आहे.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही.

मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभं राहिलं, म्हणजे मुळात परीक्षा घेणारी संस्था. शिकवायचं कॉलेजांनी, खेळवायचंही कॉलेजांनी. ‘विद्यापीठाने कोणाला फलंदाजी शिकवली?’ असं विचारलं तर उत्तर ‘कोणालाच नाही’ हेच आहे. विद्यापीठाने दिला तो एक संघ. आणि त्या संघाचं मोल कळायला तेव्हाची मुंबई डोळ्यांपुढे आणावी लागते.

आंतरविद्यापीठ क्रिकेटची रोहिंटन बारिया स्पर्धा 1935-36 मध्ये सुरू झाली. एका पारशी पित्याने अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने करंडक दिला होता. त्याच काळात मुंबईतलं सर्वांत गाजणारं क्रिकेट धर्मावर वाटलेलं होतं: हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि पुढे ‘इतर’. पंचरंगी सामने 1946 पर्यंत चालले, स्टेडियम खचाखच भरायचं. मुलगा कोणत्या जिमखान्याच्या दारातून आत जाणार, हे तो कुठे जन्मला यावर ठरायचं. विद्यापीठाच्या संघात मात्र झेवियर्सचा पारशी, रुईयाचा ब्राह्मण, इस्माईल युसुफचा मुसलमान एकाच टोपीखाली खेळू शकत होते. निवडीला आडनाव लागत नव्हतं, कॉलेजात नाव असणं पुरत होतं. कॉलेजपर्यंत पोचणं हीच तेव्हा मोठी चाळणी होती, हे मान्य. पण जिमखान्यापेक्षा ही चाळणी मोकळी होती.

दिलीप सरदेसाईंकडे बघा. जन्म मडगावचा, 1940 चा, पोर्तुगीज अमलातला. सतराव्या वर्षी कुटुंब मुंबईला आलं. ना शिवाजी पार्कचं बालपण, ना क्लबात ओळखीपाळखी. 1959-60 च्या रोहिंटन बारिया स्पर्धेत त्यांनी 87 च्या सरासरीने 435 धावा काढल्या आणि पुढच्याच मोसमात पाकिस्तानविरुद्ध भारतीय विद्यापीठांच्या संघात पुण्यात 87 केल्या. हा रस्ता नसता तर गोव्याहून उशिरा आलेल्या त्या पोराकडे निवड समितीची नजर गेली असती का? मला नाही वाटत. याच रस्त्यावर वाडेकरांनी एका डावात 324 केल्या, पुढे गावसकरांनी 327 करून तो विक्रम मोडला.

आता सोलकर. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, मैदानावरच्याच एका खोलीत वाढलेला. त्यांना विद्यापीठाने नाही घडवलं, त्या मैदानाने घडवलं. मान्य. पण मला तुमच्या सोलकरांना माझ्या सरदेसाईंच्या विरुद्ध उभं करवत नाही, कारण 1971 च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात किंग्स्टनच्या कसोटीत ते शेजारी शेजारी उभे होते. भारत 5 बाद 75. एका टोकाला विद्यापीठातून आलेला, दुसऱ्या टोकाला माळ्याच्या खोलीतून आलेला. दोघांनी 137 धावांची भागी केली. सरदेसाई 212, सोलकर 61. पुढे वेस्ट इंडिजवर फॉलोऑनची, म्हणजे पहिला डाव फार कमी धावांत संपल्याने लगेच पुन्हा फलंदाजीला उतरायची, नामुष्की आली. माझे वडील ही भागीदारी सांगताना आजही दोघांची नावं एका दमात घेतात, मधे ‘आणि’सुद्धा म्हणत नाहीत. त्याच मालिकेत सरदेसाईंच्या 642, गावसकरांच्या 774, आणि कप्तान वाडेकर. विद्यापीठाच्या संघातून वर आलेली तीन माणसं, आणि त्यांच्या बरोबरीने सोलकर. कोणाचं श्रेय काढून कोणाला द्यायचं?

आजच्या विद्यापीठावर टीका केलीत तर मी तुमच्या बाजूने आहे. सचिन सोळाव्या वर्षी कसोटी खेळला, त्याला कॉलेजची पायरी लागलीच नाही. आता तर वयोगटाच्या स्पर्धा आणि आयपीएल यांच्यामध्ये विद्यापीठाच्या सामन्याला प्रेक्षकच उरला नाही. विद्यापीठांच्या सर्वांगीण क्रीडाकामगिरीचा मौलाना आझाद करंडक वर्षानुवर्षं पंजाबातली विद्यापीठं नेतात. तिथे कुस्ती, हॉकी, अॅथलेटिक्स सगळ्याला जागा आहे. आपण एका खेळावर इतकं प्रेम केलं की बाकीच्या आखाड्यांकडे पाहिलंच नाही. माझा लेखही त्याच सवयीने लिहिला गेला होता.

तुम्ही लिहिलंय की तुमचे आजोबा राजाराम कॉलेजात शिकले आणि त्यांनी खाशाबांना सराव करताना पाहिलं होतं. ते काय सांगायचे? कुठल्या तालमीत, किती वाजता, कोणाबरोबर? आठवेल तसं लिहून पाठवा. पुढचा लेख मी तिथूनच सुरू करीन.