पेरूमार्गे पंढरपूर

काल दुपारी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझे नामकरण झाले आणि आज सकाळपासून अर्धा वर्ग मला ‘पेरूवाल्या ताई’ म्हणतो आहे.

एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मला पंढरीच्या वारीवरचे संशोधनलेख हवे होते. डेटाबेसच्या शोधपेटीत रोमन लिपीत ‘वारी’ टंकताच लेखांचा ढीग समोर आला, मात्र तो दक्षिण अमेरिकेतला. इसवी सन 600 ते 1000 च्या सुमारास पेरू देशात वारी नावाचे साम्राज्य होऊन गेले आणि त्याच्या मडक्यांवर जगभरातले पुरातत्त्वज्ञ तुटून पडलेले आहेत, हे ज्ञान मला विनामूल्य मिळाले. विठोबाचा पत्ता नव्हता.

मागे स्टुलावर बसलेले ग्रंथालयातले शिपाईकाका पडद्याकडे पाहत होते. “पेरूवर करताय होय?” त्यांनी अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले.

“काका, पेरू देश आहे.”

“असेल की. पण राहात्याच्या पेरूची सर नाही कुणाला.”

वाचनकक्ष खदखदला. मी मान खाली घालून एका अक्षराने सुरुवात बदलली, म्हणजे ‘डब्ल्यू’ऐवजी ‘व्ही’ घेतला, आणि सगळी रूपे एकदम सापडावीत म्हणून पहिल्या तीन अक्षरांनंतर तारांकन ठोकले. त्यावर संख्याशास्त्रातल्या चलांपासून लाकडाच्या व्हार्निशपर्यंत सारे काही हजर झाले.

“नॉट लावा, नॉट,” काका म्हणाले. “नॉट पेरू. पोरं लावतात.”

शोधशब्द जोडणारे, पर्याय देणारे आणि वगळणारे हे अँड, ऑर, नॉट ज्यांच्या तर्कशास्त्रातून आले, त्या जॉर्ज बूल यांची पत्नी मेरी ही सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी होती. त्यामुळे या वाटेवर दम लागणे घराण्यातच असावे. काकांचे ऐकायचे नाही म्हणून मी नॉट लावले नाही. तसा माझा मुद्दा रास्तच होता, कारण पंढरपूरची तुलना पेरूमधल्या एखाद्या यात्रेशी करणारा लेख असलाच, तर नॉट तोही गिळून टाकते. शेवटी कंसात ‘वारकरी’ची दोन्ही स्पेलिंगे मध्ये ऑर घालून लिहिली, शेवटच्या स्वराच्या जागी तारांकन ठेवले आणि पुढे अँड लावून पंढरपूर जोडले, तेव्हा कुठे आठ लेख निघाले.

आपल्याच आजीच्या तोंडचा शब्द शोधण्यासाठी आधी परक्या लिपीतले त्याचे सगळे अवतार पाठ करावे लागतात, याचा मला खरोखरच राग येतो. त्यात कामाचा एकुलता एक लेख उघडायला गेले, तर आमच्या वर्गणीत तो बसत नव्हता आणि एका वाचनाचे 40 डॉलर मागत होता.

“म्हणजे किती?” काकांनी विचारले.

“तीन हजारांच्या वर.”

काकांनी गळ्यातली तुळशीची माळ सारखी केली. “तेवढ्यात माझी अख्खी वारी होते, ताई. परतीच्या एसटीसकट.”