कायमचा पत्ता हा रकाना सक्तीचा आहे

आज सकाळी दीड तास काकूंबरोबर व्हिडिओ कॉलवर एक फॉर्म भरत बसले होते. आत्ता रात्री हे लिहितानाही डोकं शांत झालेलं नाही.

काकू म्हणजे माझ्या जुन्या भाड्याच्या घरासमोरच्या काकू. वय अठ्ठ्याहत्तर. घर विकून दोन महिन्यांपूर्वी मुलींकडे गेल्या. थोरली एका देशात, धाकटी दुसऱ्या. व्हिसा संपत आला की हिच्याकडून तिच्याकडे, मग पुन्हा परत. बँकेला एवढंच कळवायचं होतं की जुन्या पत्त्यावर आता काही पाठवू नका. फॉर्मवर लाल चांदणीचा रकाना, कायमचा पत्ता. रिकामा सोडला की पुढचं पान उघडत नाही. 'सध्या नाही' लिहिलं तर पिनकोड मागतो. थोरलीचा पत्ता घातला तर त्या देशातल्या रहिवासाचा पुरावा मागतो. तो कुठून आणायचा? तिथे त्या पाहुण्या म्हणून राहतायत. शेवटी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही नक्की राहता कुठे?"

काकू गप्प झाल्या. एकाच घरात सत्तेचाळीस वर्षं काढलेली बाई. मला स्क्रीनवर त्यांचा चेहरा दिसत होता. तो मुलगा उद्धट नव्हता, मला माहीत आहे. समोरच्या स्क्रीनवर जे होतं तेच तो विचारत होता. पण माणसाला असं निरुत्तर करणारा रकाना कुणीतरी बसून बनवलेला असतो ना? त्या कुणाच्या तरी डोक्यात एकदाही आलं नाही की जगात काही माणसांना काही काळ पत्ता नसतो?

या काकूंचं आणि माझं नातंच मुळी एका पाकिटामुळे जुळलं.

नऊ वर्षांपूर्वी मी ते भाड्याचं घर सोडलं. काम असं होतं की आठ-नऊ महिन्यांत तीन देश, कुठे सहा आठवडे, कुठे दोन महिने. मी सगळीकडे जुनाच पत्ता ठेवला आणि नव्या भाडेकरूला सांगितलं की माझी पत्रं जपून ठेव. तो 'हो' म्हणाला आणि त्याने ठेवलीही. चार महिन्यांनी तोच घर सोडून गेला. मला कळवायचं त्याच्या लक्षात आलं नाही आणि विचारायचं माझ्या.

त्यानंतर कर खात्याचं एक खाकी पाकीट आलं. आत एका नोंदीचा खुलासा मागितलेला, पत्राच्या तारखेपासून 30 दिवसांत. मी पाहिल्यापासून नव्हे, पोहोचल्यापासूनही नव्हे, पत्रावर छापलेल्या तारखेपासून. आणि ते पाकीट दाराला टेकून पडलेलं, बंद घरासमोर.

काकूंनी ते उचललं. मी त्यांच्याशी जिन्यात हसण्यापलीकडे कधी फार बोललेही नव्हते. त्यांनी माझी सगळी पत्रं गोळा करून शिवणाच्या डब्यात ठेवली आणि प्रत्येकावर पेन्सिलीने बारीक अक्षरात आल्याची तारीख घातली. उघडलं एकही नाही. मग घरमालकाकडून माझा नंबर मिळवला. त्याला तो शोधायला वेळ लागला. फोन आला तेव्हा मी तिसऱ्या देशात एका बस स्टँडवर बसले होते. "तुझं सरकारी पाकीट आहे गं. उघडू का?" उघडलं. भिंग लावून एकेक ओळ वाचून दाखवली. तो एक्केचाळिसावा दिवस होता.

त्या दिवसापासून मला कुणी "हल्ली पोस्टाने काय येतं, सगळं ऑनलाइनच असतं" असं म्हणालं की माझा तोल जातो. परवाच एका गटात परदेशी निघालेल्या एका मुलीने विचारलं की पत्रांचं काय करू, आणि तिला बारा जणांनी हेच उत्तर दिलं. बारा! काय येतं ते सांगते. नवं कार्ड येतं. त्याचा पिन वेगळ्या पाकिटात येतो. कराची नोटीस येते. कोर्टाचं समन्स येतं. विम्याचा हप्ता थकल्याची शेवटची सूचना येते. निवृत्तिवेतनवाल्याला हयातीचा दाखला मागणारं पत्र येतं, आणि त्याला उत्तर गेलं नाही की पैसे थांबतात. ज्या पत्राला उत्तर दिलं नाही तर नुकसान होतं, नेमकं तेच पत्र अजून कागदावर येतं.

आणि ऑनलाइनचं कुलूप उघडायची किल्ली कशाने येते? जर्मनीत कराच्या कामासाठी एल्स्टर नावाचं सरकारी संकेतस्थळ आहे, सगळं ऑनलाइन. तिथे नेहमीच्या पद्धतीने खातं उघडायला घेतलं की एक संकेतांक ईमेलने येतो आणि दुसरा पाकिटातून, टपालाने. बाकी ठिकाणी ओटीपी, म्हणजे जुना फोन नंबर जिवंत हवा, आणि परदेशी गेलेल्या माणसाचं सिमकार्ड रिचार्जअभावी कधी मरतं ते त्याला महिन्यांनी कळतं.

बरं, डेन्मार्कचं उदाहरण कुणीतरी देणारच, म्हणून मीच देते. तिथे 2014 पासून सरकारी पत्रं डिजिटल पेटीतच येतात आणि तिथल्या सरकारी टपाल कंपनीने 2025 च्या अखेरीस पत्रं वाटणंच बंद केलं. होतं, एखाद्या देशात नीट होतं. पण तुमची पत्रं पाठवणारी सगळी कार्यालयं डेन्मार्कमध्ये आहेत का?

दुसरा सल्ला मिळतो तो टपाल वळवून घ्या म्हणून. घ्यावं, जरूर घ्यावं. पण वळवायला नवा पत्ता लागतो, आणि तोच तर नाहीये. शिवाय ही सोय मुदतीची असते. अमेरिकेत पत्ता बदलल्याची नोंद केली तर पत्रं 12 महिने वळतात, पुढे पैसे भरून फार तर आणखी 18 महिने. आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं की पाठवणारा पाकिटावरच छापू शकतो, 'वळवू नये, पाठवणाऱ्याला परत करावे.' बँकांची कार्डं, सरकारी कागद अनेकदा असेच निघतात. म्हणजे तुम्ही रीतसर पत्ता वळवून निर्धास्त बसलेले असता आणि नेमकं महत्त्वाचं पाकीट उलट्या पावली परत गेलेलं असतं. तिकडे तुमच्या नावापुढे नोंद होते, पत्त्यावर सापडले नाहीत.

सापडले नाहीत! ही नोंद झाली की खातं गोठायला किती वेळ लागतो.

मला राग याचा येतो की टपाल नावाची गोष्ट मुळात याच्या उलट विचाराने उभी राहिली. 1874 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात 22 देशांनी करार केला की टपालापुरता आपला सगळ्यांचा मिळून एकच प्रदेश मानायचा. तीच आजची जागतिक टपाल संघटना, 192 देशांची. आणि फिरस्त्या माणसासाठीही सोय होती, अजून आहे. तिचं नाव पोस्ट रेस्तांत. पाकिटावर तुमचं नाव, 'पोस्ट रेस्तांत', गाव आणि पोस्ट ऑफिस, बस. पासपोर्ट दाखवा, पत्र घ्या. फ्रान्समध्ये 15 दिवस ठेवतात. अमेरिकेत याला जनरल डिलिव्हरी म्हणतात, तिथे जास्तीत जास्त 30 दिवस. आडनाव ठळक लिहायला सांगा, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं. मी दोनदा अशी पत्रं घेतली आहेत. खिडकीमागच्या बाईंनी मागच्या फळीवरून माझ्या नावाचं पाकीट काढलं तेव्हा परक्या गावात कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं होतं. पण खाजगी कुरियर तिथे जात नाही, त्याला रस्ता, घर आणि फोन नंबर हवा. आणि बँकेला तर हा पत्ताच वाटत नाही.

इथे एक मुद्दा मान्य करायला हवा. बँक उगाच खोदून विचारत नाही. 2014 मध्ये ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने देशादेशांमध्ये खात्यांची माहिती देण्याघेण्याचे जे नियम मंजूर केले, त्यांत माणूस कुठल्या देशाचा करदाता हे ओळखायला पत्ता हा एक मोठा धागा आहे. खात्यावर नुसता 'अमक्यांच्या मार्फत' असा पत्ता असेल, किंवा 'माझी पत्रं तुमच्याकडेच ठेवा' एवढीच सूचना असेल, तर बँकेला जास्त चौकशी करावी लागते. ठीक आहे, करा चौकशी. पण 'तुम्ही कुठे राहता' आणि 'तुम्हाला पत्र कुठे पाठवू' हे दोन वेगळे प्रश्न आहेत हो. दोन रकाने ठेवा! अमेरिकेने 1986 मध्येच परदेशी राहणाऱ्या मतदारांसाठी कायदा केला. त्यात जाण्यापूर्वी तुम्ही शेवटी जिथे राहत होतात तो पत्ता मतदानासाठी चालतो, आता तिथे तुमचं काहीही उरलं नसलं तरी. मतपत्रिका कुठे पाठवायची ते वेगळं विचारतात. जे मतपत्रिकेला जमतं ते बँकेच्या फॉर्मला का जमू नये?

त्या खाकी पाकिटाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. दंड लागला होता. मी अर्ज केला की पत्र वेळेत हाती आलं नाही. पुरावा काय? पुरावा म्हणजे ते पाकीट. पत्रावरची तारीख, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का आणि काकूंची पेन्सिल. पत्र छापल्यानंतर सोळा दिवसांनी पोस्टात पडलं होतं आणि एकोणिसाव्या दिवशी दाराशी आलं होतं. व्याज भरावं लागलं, दंड माफ झाला. काकूंनी पाकीट फेकलं असतं आणि आतला कागदच जपला असता तर माझ्या हातात काही नव्हतं. म्हणून माझी पत्रं घेणाऱ्या प्रत्येकाला मी आजही सांगते, पाकीट टाकू नका.

हे लिहिताना राग जरा उतरतोय, तर निघण्याच्या तयारीत असलेल्यांना दोन शब्द सांगते. तिकिटाच्या आधी माणूस ठरवा. एकच माणूस, आणि घर बदलायच्या बेतात नसलेला. त्याला 'जरा पत्रं बघशील का' असं जाता जाता सांगू नका. मी तेच केलं होतं. समोर बसा, सही केलेलं अधिकारपत्र द्या, नाहीतर रजिस्टर पत्र पोस्टमन त्याच्या हातात देईलच असं नाही. काय उघडायचं, कशाचा फोटो पाठवायचा, काय फाडायचं हे बोलून घ्या. त्याच्या टपालपेटीवर तुमचंही आडनाव लावा. जर्मनीसारख्या देशात पाकिटावर बहुतेकदा घराचा क्रमांक नसतोच, पेटीवरच्या नावावर पत्र पडतं, नाव नसलं तर परत जातं. मग स्वतःच स्वतःला एक पत्र टाकून बघा पोहोचतंय का.

आणि यादी. ही यादी एका बैठकीत होत नाही. काही पाकिटं वर्षातून एकदाच येतात, जुन्या विम्याचं, शेअर्सचं, कुठल्या तरी विसरलेल्या फंडाचं. निघण्याआधीचं वर्षभर आलेल्या प्रत्येक पाकिटावरच्या पाठवणाऱ्याचं नाव वहीत उतरवत गेलात तरच ती पुरी होते. माझ्या वहीत एकतीस नावं निघाली. मी आठवून लिहिली होती तेव्हा तेरा होती.

पत्रं स्कॅन करून पाठवणाऱ्या कंपन्या आहेत, कुणीच माणूस नसेल तर त्या घ्याव्यात. अमेरिकेत त्यासाठी दोन ओळखपत्रं देऊन टपाल खात्याचा 1583 क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, मग त्या तुमची पत्रं घेऊ शकतात. चांगली सोय आहे. मात्र राहता पत्ता म्हणून अनेक बँका तो नाकारतात. आणि बंद पाकिटावर 'सरकारी' दिसलं म्हणून घरमालकाच्या मागे लागून तुमचा नंबर शोधून काढेल अशी कंपनी मला अजून भेटलेली नाही.

आज दुपारी शेवटी जमलं. तिसऱ्यांदा फोन केल्यावर एका बाईंनी नीट ऐकून घेतलं. राहत्या पत्त्याच्या जागी थोरलीचं घर, त्यासोबत व्हिसाची प्रत आणि एक लेखी खुलासा, आणि पत्रव्यवहारासाठी माझा पत्ता. म्हणजे सोय होती! तिसऱ्या फोनपर्यंत ती कुणी सांगितली नाही. ज्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईच्या मागे दीड तास बसणारं कुणी नाही, तिने काय करायचं?

संध्याकाळी खाली गेले तर काकूंच्या नावाचं एक पाकीट आधीच येऊन पडलं होतं, विमा कंपनीचं. त्या कंपनीला माझा पत्ता मागच्याच महिन्यात कळवून झाला होता. फोटो पाठवला. लगेच फोन आला, "तारीख घातलीस का?"

घातली, काकू. पेन्सिलीनेच.

रजिस्टर पत्रांसाठी मात्र मूळ सहीचं अधिकारपत्र लागतं, फोटो चालत नाही म्हणे. काकूंनी ते तिकडून टपालाने पाठवलंय. आज अकरावा दिवस, अजून वाटेत आहे.