तिजोरीतले हिरे, काचेतले नीलम

मागच्या उन्हाळ्यात आई-बाबा माझ्याकडे आले होते, तेव्हा त्यांना वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन दाखवायला नेलं. रत्नांच्या दालनात सगळी झुंबड ४५.५२ कॅरटच्या होप हिऱ्याभोवती. आई मात्र एका नीलमच्या हारापाशी थांबली ती हलेचना. हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याकडे घडलेला हा हार १९७९ मध्ये संग्रहालयाला देणगी मिळाला. श्रीलंकेचे ३६ नीलम, मिळून १९५ कॅरट, आणि सोबत ४३५ हिरे. आईने एकेक खडा मोजला. मग स्वतःच्या बोटातला, शनीसाठी घेतलेला बारीकसा नीलम काचेजवळ धरून रंग ताडून पाहिला. "छत्तीसच्या छत्तीस एका रंगाचे कुठून गं मिळाले असतील?" श्रीलंकेतल्या रत्नपुरात माणसं खड्ड्यात उतरून खडी उपसतात, टोपल्यांत धुतात, तेव्हा कुठे एखादा नीलम हाती लागतो, हे सांगितल्यावर ती आणखीच वेळ रेंगाळली. शेजारी शाळकरी मुलं काचेला नाक लावून उभी होती. तिकीट कुणालाच नव्हतं.

परतताना बाबांनी कोहिनूर परत मागण्याचा विषय काढला. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर हीच चर्चा असते. मलाही पटतं ते. लुटून नेलेलं परत मागायलाच हवं.

पण जे आपल्याच ताब्यात आहे, त्याचं काय? निजामाचे १७३ दागिने सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपये मोजून घेतले. त्यात १८४.७५ कॅरटचा जेकब हिरा आहे. २०१९ मध्ये ते दिल्लीत प्रदर्शनात मांडले होते. एरवी मुक्काम मुंबईत, रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत. आई-बाबांचं घर दादरला. लोकलने अर्ध्या तासावर असलेलं हे वैभव आईने आजवर पाहिलेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सुरक्षेचं कारण मला पुरेसं वाटत नाही. होप हिराही जाड बुलेटप्रूफ काचेआड आहे, आणि तरी रोज लोकांसमोर आहे. जनतेच्या पैशाने घेतलेले दागिने जनतेला कायम बघता आले पाहिजेत. ते हैदराबादला ठेवावेत, अशी तिथल्या लोकांची मागणी आहे. माझ्या मते पहिला हक्क त्यांचाच. खुशाल तिकडे न्या. आई हुसेनसागर एक्स्प्रेसने बघायला जाईल.