मॅनिफोल्ड पॉवरने नाही, तापाने फुटतो: 'जिप्सीवाले' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

जिप्सीवाले, प्रतिक्रिया खरमरीत आहे. त्यातले काही मुद्दे मान्य, काही अर्धे मान्य आणि बाकीच्यांवर मला भांडायचंय. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: मारुती जिप्सीच्या १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हच्या जी-१३ इंजिनासाठी एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ च्या नळ्यांचा चार-दोन-एक एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला जळका वायू बाहेर नेणारा, चाराच्या दोन आणि दोनाची एक होणाऱ्या नळ्यांचा जुडगा, घरच्या शेडमध्ये कसा बांधायचा, हा त्याचा विषय होता. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. एसएसची फ्लँज (मॅनिफोल्ड इंजिनावर बसवणारी जाड पट्टी) वाकतेच, ती सांगितलीच कशी? १० मिमी जाडी म्हणजे फुकटचं वजन. दीड इंची नळीसाठी वणवण करण्यापेक्षा हार्डवेअरच्या दुकानातला सव्वा इंची पाइप घ्या. चारही नळ्या सारख्या लांबीच्या ठेवण्याचा हट्ट पुस्तकी आहे. वेल्डिंग करताना नळीच्या आतून आर्गन वायू सोडणं हा दिखावा. आणि सगळ्यात मोठा, बॅक प्रेशरचा, म्हणजे एक्झॉस्टमध्ये मागून येणाऱ्या दाबाचा: 'बॅक प्रेशर गेलं की टॉर्क गेला, हे लेखात कुठेच नाही.'

फ्लँजपासून सुरू करतो, कारण तिथे चूक माझी आहे. लेखात मी एसएसची फ्लँज आणि सगळी भोकं ८.५ मिमीची असं लिहिलं होतं. दोन्ही एकत्र केलं की मॅनिफोल्ड फुटणार किंवा स्टड (फ्लँज धरणारे आट्यांचे दांडे) तुटणार, हे ठरलेलं. हिशेब बघा. टोकाच्या स्टडपासून टोकाच्या स्टडपर्यंत ३५० मिमी अंतर धरू. इंजिनाचं हेड (सिलिंडरांवरचा भाग) ॲल्युमिनियमचं, ते २५ वरून १०० अंशांपर्यंत तापलं की या लांबीत साधारण ०.६ मिमी वाढतं. फ्लँज मात्र ४०० अंशांपर्यंत जाते असं धरलं, तर एसएस ३०४ ची सव्वादोन मिमीहून जास्त वाढते आणि साध्या एमएसची (माइल्ड स्टील, साधं लोखंड) सुमारे १.६ मिमी. म्हणजे हेडच्या तुलनेत एसएसची फ्लँज पावणेदोन मिमीच्या आसपास पुढे सरकते, प्रत्येक टोकाला ०.८ मिमीपेक्षा थोडी जास्त. एमएसची सरकते प्रत्येक टोकाला अर्धा मिमी. एम ८ चा, म्हणजे ८ मिमीचा, स्टड ८.५ च्या भोकात असेल तर दोन्ही बाजूंना जागा पाव मिमीची! फ्लँजला बाहेर सरकायला वाव नाही, मग ती मधे कमान करते. गाडी थंड झाली की परत आकसते. असं शेकडो वेळा झालं की टोकाचा स्टड मुळाशी तुटतो किंवा टोकाच्या नळीच्या वेल्डच्या कडेला केसासारखी चीर पडते. ती चीर बहुतेक वेळा पहिल्या किंवा चौथ्या सिलिंडरलाच का दिसते, याचं उत्तर याच हिशेबात आहे.

म्हणून दुरुस्ती: फ्लँज एमएसचीच घ्या. मधल्या स्टडची भोकं ८.५ मिमी, म्हणजे फ्लँज मधे पक्की बसेल. टोकाची १० मिमी, किंवा लेझर कटिंगवाल्याला लांबट खाच द्यायला सांगा. मोठ्या भोकावर साधा पातळ वायसर लावला तर नट त्यात रुततो, म्हणून तिथे जाड वायसर. दोन पोर्टच्या (वायू बाहेर येण्याच्या तोंडांच्या) मधे फ्लँजला उभा छेद देण्याची पद्धतही आहे. ती वेल्डिंग पूर्ण झाल्यावर करायची, आधी नाही.

जाडीबद्दल मात्र मी मागे हटत नाही. ६ ऐवजी १० मिमी घेतली तर ३५० बाय ९० च्या फ्लँजचं वजन पोर्ट आणि भोकं धरून एक किलोनेही वाढत नाही. त्या एक किलोच्या बदल्यात काय मिळतं? वेल्डिंग फक्त नळीच्या बाजूने होतं. वेल्ड थंड होताना आकसतो आणि फ्लँजची दोन्ही टोकं आपल्याकडे ओढतो. हेडवर ठेवली की मधे टेकते आणि टोकं हवेत, अगदी केळ्यासारखी. ६ मिमीची पट्टी जिगवरून (वेल्डिंगसाठी घट्ट पकडणाऱ्या साच्यावरून) सोडताच वाकलेली दिसते. १० मिमीची कमी वाकते, आणि मुख्य म्हणजे नंतर अर्धा मिमी फेसिंग (घासून सपाट) करायला तिच्यात माल शिल्लक असतो.

वाक कमी ठेवायचा तर फ्लँज २० ते २५ मिमी जाड एमएस प्लेटवर किंवा भंगारातल्या जुन्या हेडवर सगळ्या नटांनी घट्ट बसवून मगच वेल्ड करा. मधल्या भागाखाली पातळ शिम (पत्र्याची पट्टी) ठेवून टोकं आवळली तर उलटा बाक मिळतो आणि वेल्डची ओढ त्यात बरीचशी जिरते. एका पोर्टभोवती सलग फेरा मारायचा नाही. पहिल्या पोर्टला पाव फेरा, मग चौथ्याला, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला; पुन्हा पहिल्याला समोरचा पाव. नळी फ्लँजच्या तोंडापासून २-३ मिमी आत ठेवा आणि आतल्या बाजूनेही टिग वेल्डिंगचा एक फेरा द्या. गळती थांबते आणि ओढही थोडी तोलली जाते. वेल्ड संपलं की नट लगेच सोडायचे नाहीत. हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत सगळं जिगवरच राहू द्या. पाणी मारणाऱ्याला शेडबाहेर काढा.

शेवटी सरळपट्टी लावून ०.१ मिमीची फीलर पाती कुठे शिरते का बघायची. शिरली तर सरफेस ग्राइंडिंग किंवा मिलिंग. 'जाड पॅकिंग टाकू, सिलंट भरू' हा उपाय पहिल्या घाटापर्यंतच टिकतो.

गाडीतच, इंजिनावर मॅनिफोल्ड बसवून पक्कं वेल्डिंग करायचं नाही, हे आधीच्या लेखात राहून गेलं होतं. तिथे फक्त टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारायचे, तेही बॅटरीची तार काढून, ईसीयूचं (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं) सॉकेट सोडून आणि अर्थिंग थेट मॅनिफोल्डलाच देऊन. अर्थिंग चॅसिसला लावलं तर करंट स्वतःची वाट शोधतो, आणि ती बेअरिंगमधूनही जाऊ शकते.

आता सव्वा इंची पाइप. इथे बहुतेकांची गफलत होते. नळी म्हणून दीड इंची मागितली तर बाहेरचा व्यास ३८.१ मिमी मिळतो, १.६ मिमी जाडीत आतला ३४.९. पाइप म्हणून सव्वा इंची मागितला तर ते नाममात्र माप. प्रत्यक्षात बाहेरचा व्यास ४२.२ मिमी. तुम्हाला बारीक वाटणारा पाइप बाहेरून जाड आहे! शेड्यूल १० (पाइपच्या जाडीचा एक दर्जा) मध्ये त्याची भिंत २.७७ मिमी, आतला व्यास ३६.६. नळी मीटरला १.४ किलो, हा पाइप २.७ किलो. फ्लँजच्या वजनाची काळजी करणाऱ्याने हा सल्ला द्यावा, याची गंमत वाटली. टर्बो टांगायचा असेल तर मात्र शेड्यूल १० चे बट-वेल्ड एल्बो (वेल्डने जोडायची तयार वळणं) हाच बरोबर माल; तिथे मॅनिफोल्डला टर्बोचं वजन पेलायचं असतं. एल्बो लाँग रेडियसचेच घ्या, सव्वा इंचीत मध्यापासून तोंडापर्यंत ४८ मिमीचे. आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्त मिळतो म्हणून तो मात्र कोणीही घेऊ नये. जस्ताचा धूर वेल्डिंग करताना ताप भरवतो.

नळीचं माप कुठून आलं? जुनं अनुभवसूत्र आहे: १८० मध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात खालच्या जागेच्या) आधी जितके अंश उघडतो ते मिळवा, ८५० ने गुणा, हव्या त्या आरपीएमने भागा, ३ वजा करा. लांबी इंचात मिळते. व्हॉल्व्ह ५० अंश आधी उघडतो आणि जोर ५५०० ला हवा असं धरलं, तर साडेबत्तीस इंच. चार-दोन-एक मध्ये त्यातले पहिले १५ इंच, म्हणजे ३८० मिमी, चार नळ्यांना आणि उरलेले साडेसतरा, म्हणजे ४४५ मिमी, दोन नळ्यांना. ७४ मिमी बोअर आणि ७५.५ मिमी स्ट्रोकचं १२९८ सीसी इंजिन, म्हणजे सिलिंडरला ३२४.५ सीसी, त्यावरून पहिल्या नळ्यांचा आतला व्यास ३२ मिमीच्या आसपास येतो आणि दुसऱ्यांचा ४२ च्या. सहज मिळणाऱ्या मापांत ३८.१ आणि ४४.५ बाहेरचा व्यास त्याला सगळ्यात जवळचे. तुमच्या कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) अंश वेगळे असतील तर आकडे बदला, सूत्र तेच.

बॅक प्रेशरचं कोडंही इथेच सुटतं. टॉर्क जातो हे तुमचं निरीक्षण खरं आहे, कारण चुकीचं आहे. १.६ मिमी जाडीच्या ३८.१ ऐवजी ४२.२ ची नळी टाकली की आतलं क्षेत्रफळ सुमारे २५ टक्के वाढतं, म्हणजे तेवढाच वायू २० टक्के सावकाश जातो. कमी आरपीएमला वेग पडला की पुढच्या सिलिंडरला मिळणारी ओढ पडते आणि जळका वायू उलटा आत शिरतो. टॉर्क खाल्ला तो मोठ्या व्यासाने. नळीचा व्यास बरोबर ठेवून मागचा सायलेन्सर मोकळा केला तर टॉर्क जात नाही. इंजिनाला दाब नको असतो, वेग हवा असतो.

लांबीबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. दाबाची लहर गरम वायूत सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास पळते. दोन नळ्यांत २५ मिमीचा फरक असेल तर जाऊन-येऊन ५० मिमी, म्हणजे ०.१ मिलिसेकंद, ५५०० आरपीएमला क्रँकचे ३.३ अंश. रस्त्यावरच्या गाडीत तो कुणाला कळणार नाही, म्हणून मिलिमीटर मोजत बसू नका. पण फरक १५० मिमी झाला तर तोच हिशेब २० अंशांवर जातो, तेव्हा 'कशाही वळवा' हेही चालत नाही. जोड्या मात्र चुकवू नका. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२, म्हणून १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र. सोयीसाठी १-२ आणि ३-४ जोडले तर लागोपाठचे झटके एकाच नळीत आदळतात.

नळ्या वळवताना हायड्रॉलिक बेंडरने पोटाशी चपटी झालेली नळी वापरू नका, तयार मँड्रेल बेंड (आतून आधार देऊन, न चपटता वळवलेल्या नळ्या) कापून जोडा. वाळू भरून गरम करून वळवणार असाल तर वाळू तव्यावर भाजून कोरडी करा. बुच मारलेल्या नळीत ओल राहिली तर वाफेने बुच गोळीसारखं उडतं. आखणीसाठी जाड तार वाकवून मध्यरेषा काढा. प्रत्येक टॅकनंतर स्टिअरिंगच्या दांड्यापासून २५ मिमी, ब्रेकच्या रबरी नळीपासून किमान ५० मिमी अंतर तपासा आणि प्रत्येक नटावर पाना बसून फिरतो का ते बघा. सुंदर वळणं घेतलेला मॅनिफोल्ड, ज्याचा तिसरा नट आवळताच येत नाही, तो पुन्हा कापावा लागतो.

आर्गनचं: एमएसला आतून आर्गनची गरज नाही, तुमचं म्हणणं मान्य. एसएसला आहे. मागून हवा लागली की वेल्डच्या पोटात काळी, खडबडीत, जळक्या साखरेसारखी खपली येते. ती तुटून मागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाते आणि वेल्डची चीर अशा खपलीपासूनच सुरू होते. या मॅनिफोल्डच्या आत जेमतेम पावणेतीन लिटर हवा मावते. तोंडं ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करा, आर्गन खालून सोडा कारण तो हवेपेक्षा जड आहे, आणि वरच्या टोकाला छोटं छिद्र ठेवा. मिनिटाला ४ लिटरने चार मिनिटं थांबलं की पाच-सहा वेळा हवा बदलली जाते. एवढ्याला दिखावा म्हणणं जरा जास्तच झालं. फिलर (वेल्डमध्ये भरायची तार) एसएसला एसएस जोडताना ईआर ३०८ एल, एसएसची नळी एमएसच्या फ्लँजला जोडताना ईआर ३०९ एल. १.६ मिमी जाडीला ५० ते ६० अँपिअर. वेल्ड सोनेरी दिसला तर उत्तम, निळा चालेल, राखाडी म्हणजे जास्त तापवलाय. आधी पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका. त्याच्या अंशावर आर्क पडला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

तुम्ही सुचवलेली कापडी हीट रॅप कोकणातल्या पावसाळ्यात एमएसच्या नळीवर ओली गोधडी ठरते, आतून गंज खाते. त्यापेक्षा १ मिमी पत्र्याची शील्ड, मधे १०-१५ मिमी हवा.

कायद्याचं तुम्ही विचारलंत ते रास्त. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर चालवायची गाडी असेल तर आधी आरटीओत विचारा आणि कन्व्हर्टर काढू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, मॅनिफोल्ड बदलल्यावर ॲव्हरेज का पडलं. एमपीएफआय (ईसीयूच्या हिशेबाने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पहिला संशय गळतीवर घ्या. एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी पॅकिंगमधून गळती असेल तर दोन झटक्यांच्या मधे बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. मागचं तोंड बंद करून आत ०.२ बार हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे शोधा. सेन्सर बसवायचा आट्यांचा बोळा एम १८ बाय १.५ चा, चारही नळ्या एकत्र आल्यानंतर, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर कलता. खाली कलला तर पाणी साचून सेन्सर तडकतो. आणि पहिल्यांदा गरम होऊन थंड झाल्यावर सगळे नट मधून बाहेरच्या क्रमाने पुन्हा आवळलेत का, तेही एकदा बघा.