हौस आहे म्हणून फुकट?

मी घरी हाताने नथी बांधून विकते. गौरी-गणपती जवळ आले की ओळखीच्या मावशींचा मेसेज ठरलेला: "तुळशीबागेत १०० रुपयांत मिळते गं अशीच नथ!" मग घे की तिथून! साच्यातली वेगळी, हाताने बांधलेली वेगळी. २८ गेजची, म्हणजे अगदी बारीक तार मोत्याच्या बारीक भोकातून ओवायची, मध्ये लाल खडा बसवायचा. पीळ जरा जास्त पडला की तार तुटते नि सगळं पुन्हा पहिल्यापासून. दाबाची, म्हणजे नाक न टोचता घालायची असेल तर नाकाला रुतू नये म्हणून टोकं घासत बसा. एवढं करून वर, "घरीच तर करतेस, मजुरी कसली?" याच मावशी सोनाराकडे घडणावळ मात्र मुकाट मोजतात! आणि ते "एक फुकट दे, तुझी जाहिरात होईल". जाहिरातीवर मुंबईच्या भुलेश्वर बाजारातला मोतीवाला माल देतो का?