स्वतंत्र संघाची ‘सोपी वाट’: नोटर डेमच्या २०२४ च्या हंगामाबद्दलच्या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलविषयी, म्हणजे हेल्मेट घालून लंबगोल चेंडूने खेळल्या जाणाऱ्या तिकडच्या फुटबॉलविषयी, एक दावा सतत पुढे पाठवला जातो. नोटर डेम या विद्यापीठाचा संघ कोणत्याही कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, सदस्य नाही. त्यामुळे तो सोयीचे प्रतिस्पर्धी निवडतो, कॉन्फरन्सच्या अंतिम लढतीचा धोका टाळतो, पैसा एकटा ठेवतो आणि राष्ट्रीय बाद फेरीत अलगद पोहोचतो, असा तो दावा आहे. २०२४ च्या हंगामात हा संघ थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत गेला, याचा पुरावा म्हणून दाखला दिला जातो. माझ्या मते तोच हंगाम हा दावा खोडून काढतो.

प्रतिस्पर्धी निवडण्याचे स्वातंत्र्य ऐकायला वाटते तेवढे मोठे नाही. एसीसी या कॉन्फरन्सशी असलेल्या करारानुसार दरवर्षी साधारण पाच सामने तिच्या संघांशी खेळावे लागतात. २०२४ मध्ये लुइव्हिल, स्टॅनफर्ड, जॉर्जिया टेक, फ्लोरिडा स्टेट आणि व्हर्जिनिया हे ते पाच होते. २०२३ च्या साखळीत अपराजित राहिलेला फ्लोरिडा स्टेटचा संघ पुढच्याच वर्षी कोसळेल, हे वेळापत्रक ठरवताना कोणालाच ठाऊक नव्हते. नेव्ही आणि यूएससी यांच्याशी असलेली परंपरा तर १९२० च्या दशकापासूनची आहे. हे वेळापत्रक देशातील सर्वांत खडतर होते, असे मी म्हणणार नाही. मात्र पहिलाच सामना टेक्सस ए अँड एमच्या मैदानावर, लाखभर प्रेक्षकांसमोर होता आणि तो नोटर डेमने २३-१३ असा जिंकला. नेव्ही आणि आर्मी हे दोन्ही संघ समोर आले तेव्हा तोवर अपराजित होते.

एक सामना कमी खेळण्याचा आक्षेप सर्वाधिक ऐकू येतो, म्हणून तो नीट तपासायला हवा. त्या वर्षीच्या बाद फेरीतील १२ संघांपैकी चार संघ कॉन्फरन्सची अंतिम लढत खेळलेच नव्हते: नोटर डेम, टेनेसी, इंडियाना आणि ओहायो स्टेट. यांपैकी ओहायो स्टेट हाच अखेरीस राष्ट्रीय विजेता ठरला. ही सवलत स्वतंत्र संघाची असेल, तर ती बिग टेन या कॉन्फरन्सच्या सदस्याला कशी मिळाली?

शिवाय या स्वातंत्र्याची किंमत नियमांतच लिहिलेली होती. पहिल्या फेरीत पुढे चाल मिळणारी चार मानांकने २०२४ मध्ये केवळ कॉन्फरन्स विजेत्यांसाठी राखीव होती, म्हणजे बाद फेरीतील संघ ठरवणाऱ्या निवड समितीच्या क्रमवारीत नोटर डेम पहिला आला असता तरी त्याला पाचव्याहून वरचे मानांकन मिळू शकत नव्हते. क्रमवारीत तो पाचवा होता आणि मानांकन सातवे मिळाले. नवव्या क्रमांकाचा बॉइसी स्टेट आणि बाराव्या क्रमांकाचा ॲरिझोना स्टेट यांना मात्र पुढे चाल मिळाली.

याहून मोठा धोका दुसऱ्याच सामन्यात समोर आला. नॉर्दर्न इलिनॉयने नोटर डेमला त्याच्याच मैदानावर १६-१४ असे हरवले. कॉन्फरन्समधील संघाला अशा पराभवानंतरही कॉन्फरन्सच्या विजेतेपदातून बाद फेरीत जाण्याचा दरवाजा उघडा असतो. क्लेमसन तीन सामने हरूनही एसीसीचा विजेता म्हणून आत आला. नोटर डेमकडे तसा दरवाजा नव्हता आणि आणखी एका पराभवाने सारे निवड समितीच्या मर्जीवर गेले असते. त्यानंतर त्याने उरलेले दहाही सामने जिंकले. पुढे बाद फेरीत इंडियाना, एसईसी या कॉन्फरन्सचा विजेता जॉर्जिया आणि पेन स्टेट यांना हरवून तो अंतिम सामन्यात पोहोचला आणि तेथे ओहायो स्टेटकडून ३४-२३ असा पराभूत झाला. प्रशिक्षक मार्कस फ्रीमन यांच्या या संघाने एकूण १६ सामने खेळले. विजेत्यानेही तितकेच खेळले होते.

पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे. बाद फेरीतून मिळालेले सुमारे दोन कोटी डॉलर नोटर डेमला कोणाशीही वाटून घ्यावे लागले नाहीत, आणि एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीशी १९९१ पासून चालत आलेला स्वतःचा प्रक्षेपण करारही त्याच्याकडे आहे. त्यावर टीका जरूर करावी. परंतु उत्पन्न जास्त असणे आणि मैदानावरची वाट सोपी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

वाट खरोखर अलगद असती, तर २०२५ मध्येही ती उघडली असती. त्या वर्षी मायामीकडून तीन गुणांनी आणि टेक्सस ए अँड एमकडून एका गुणाने हरल्यानंतर नोटर डेमने सलग दहा सामने जिंकले, तरीही क्रमवारीत अकरावा असूनही तो १२ संघांच्या बाद फेरीबाहेर राहिला. विसाव्या क्रमांकाचा टुलेन आणि चोविसाव्या क्रमांकाचा जेम्स मॅडिसन हे कॉन्फरन्स विजेते म्हणून आत गेले.