बंद खोली, बर्फाची लादी आणि कूलर

एप्रिल लागला की तो मेसेज फिरायला लागतोच. यंदा आमच्या दर्यापूरकडच्या गावात एकाच दिवशी तीन ग्रुपवर आला: 'एसी कशाला? चाकांचा कूलर घ्या, दारं-खिडक्या घट्ट लावा, टाकीत बर्फ आणि मूठभर मीठ टाका, खोलीचं शिमला होईल. बारा महिने, कुठल्याही गावात चालतो. लाइटबिलही कितीतरी कमी.'

बिलाचं तेवढं खरं आहे. घरचा कूलर साधारण दीडशे-दोनशे वॉट ओढतो, दीड टनाचा एसी दीड हजाराच्या आसपास. बाकी सगळं उफराटं.

आधी दारं-खिडक्या. पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं, एवढ्यावरच कूलर चालतो. म्हणजे गारव्यासोबत तो खोलीत ओलही सोडतो. तिला वाट दिली नाही तर तीच दमट हवा पुन्हा कूलरच्या ओल्या गवती ताट्यांतून फिरते, पाणी उडेनासं होतं आणि तासाभरात डब्याबाहेरचे पापड सादळतात. अंग चिपचिप करते ते वेगळंच. खोलीच्या मधोमध ठेवलेला चाकांचा कूलर नेमकं हेच करतो. त्याची पाठ उघड्या खिडकीला लावा आणि समोरचं दार वीतभर उघडं ठेवा. वीतभर पुरतं का, ते उदबत्ती सांगते: फटीपाशी धरली की धूर सरळ बाहेर ओढला गेला पाहिजे. तिथंच घुटमळला तर दार अजून सरकवा. आमच्या आईला हे पटायचं नाही. "बाहेरची झळ आत येते ना बाप्पा!" पण कूलर हवा बाहेर रेटत असताना झळ आत शिरणार कुठून? धूर पाहिला तेव्हा कुठे ती गप्प बसली.

बर्फाचा हिशोब सोपा आहे. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता घेतो, एक लिटर पाणी उडताना सुमारे 580. म्हणजे पाच किलोची लादी फोडून टाकली तरी जेमतेम एक लिटर पाण्याचं काम, आणि मोठा कूलर तेवढं पाणी बघता बघता पितो. वर चालू कूलरचं झाकण उघडून ओल्या हाताने बर्फ टाकायचा! आपल्याकडे दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पाणी भरायचं असलं तरी आधी प्लग काढा, बटन बंद करून भागत नाही.

मिठाचं तर हसूच आलं. आम्ही पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातले, इथलं पाणीच खारं, आम्ही मीठ विकत आणून टाकायचं? पाणी उडतं, क्षार मागे राहतात. मे संपेस्तोवर हनीकोंबच्या, म्हणजे ताट्यांऐवजी लावतात त्या पोळ्यासारख्या भोकांच्या पुठ्ठ्याच्या, कडांवर पांढरी खपली धरते, नखाने खरवडली तर पापुद्रे निघतात. भोकं बुजली की पंखा नुसता घरघरतो. खाऱ्या पाण्याच्या गावात गवताच्या ताट्याच बऱ्या, स्वस्तात दर हंगामाला नव्या. आणि टाकीत वरून भर घालत राहू नका, दोन-तीन दिवसांनी सगळं पाणी ओतून टाका, कडा घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी त्या कडांनाच चिकटतात आणि कोरड्यातही टिकतात.

राहिलं 'कुठल्याही गावात'. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला की पारा जिथे थांबतो, त्याच्या खाली कूलर जात नाही. मे महिन्यात आपल्याकडे 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर तो आकडा 24 च्या जवळपास येतो, चांगल्या ताट्यांतून 28-29 ची हवा मिळते. पण समुद्राकडच्या दमट गावात 33 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असली, तर तोच आकडा 29. म्हणजे फार तर तीन-चार अंश, तेही दमट हवेत. पावसाळ्यात आपल्याकडेही हेच होतं, म्हणून पाऊस लागला की आम्ही पाण्याची मोटर बंद करून नुसता पंखा चालवतो.

भाच्याने मागच्या वर्षी पनवेलच्या खोलीसाठी मेसेज वाचूनच कूलर घेतला होता. चौथ्या दिवशी फोन आला, "मामा, भिंतींना बुरा चढला." सध्या त्याच्या टाकीत कांदे-बटाटे आहेत, जाळीतून हवा लागते म्हणे.